मधला परिच्छेद

४ ऑगस्ट, सोमवार

प्रकाशकांनी आज होकार कळवला. साठ पानांची पुस्तिका, विषय एकच: निबंधाचा समारोप. अर्धी वैचारिक निबंधासाठी, अर्धी ललित निबंधासाठी. नाव त्यांनीच सुचवलं, ‘शेवट गोड’. मी म्हटलं, हे मिठाईच्या दुकानाचं नाव वाटतंय. ते म्हणाले, बाई, पुस्तकं मिठाईसारखी खपली तर कुणाला नकोत? पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मजकूर द्यायचा. म्हणून ही वही. काय लिहिलं, काय अडलं, याची नोंद ठेवायची.

कॉलेजात मुलं मला पाठीमागे समारोपबाई म्हणतात. बावीस वर्षं तेच शिकवतेय, नाव पडणारच. ‘अशा प्रकारे’, ‘थोडक्यात सांगायचे तर’, ‘वरील विवेचनावरून असे दिसते की’ या तिघांना माझ्या वर्गात बंदी आहे. समारोपात नवा मुद्दा आणायचा नाही. सुरुवात जशीच्या तशी परत लिहायची नाही. सुरुवातीला ज्या दारातून आत आलो त्याच दारातून बाहेर पडायचं, पण बाहेर पडणारा माणूस थोडा बदललेला हवा. हे वाक्य पुस्तिकेत घालायचं.

उदाहरणांची वाण नाही. पहिलं उदाहरण पेन्सिलचं घेणार. उंच आणि काटकुळी, म्हणून मैत्रिणी तिला पेन्सिल म्हणत. जुलैच्या चाचणीत विषय होता ‘वाट पाहणे’. तिची सुरुवात आणि समारोप मी तेव्हाच माझ्या वहीत उतरवून ठेवले होते. समारोप असा: ‘वाट पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. कुणीतरी येणार आहे म्हणून मनातली खोली आवरून ठेवणे, म्हणजे वाट पाहणे. आणि जो येतो तो बहुधा आपण आवरलेल्या खोलीकडे पाहतसुद्धा नाही.’ सतरा वर्षांच्या मुलीनं लिहिलंय. मी वीसपैकी सतरा दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला उभी केली, समारोप मोठ्यानं वाचून दाखवला आणि शाबासकी दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारायच्या बेतात होती, मग बसली. लाजाळू होती. तास संपल्यावर दुसऱ्या एका मुलीचं दप्तरही हिच्याच खांद्यावर होतं. लोकांच्या उपयोगी पडण्याचा स्वभाव.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. मेंदूत रक्तस्राव. शनिवारी घरी कोसळली, रविवारी संपलं.

शोकसभेत सगळे दोन मिनिटं उभे होते. समोरच्या खिडकीच्या काचेला जुनी चिकटपट्टी होती, मी तिच्याकडे बघत होते. मला काही वाटलं नाही. अजूनही काही वाटत नाही. हे म्हणतात, वाटेल हळूहळू. हे सेवानिवृत्त आहेत, यांना सगळं हळूहळू होतं असंच वाटतं.

६ ऑगस्ट, बुधवार

पहिलं प्रकरण झालं. वैचारिक निबंधात समारोप म्हणजे न्यायाधीशाचं शेवटचं वाक्य, वकिलाचं नव्हे. समोरच्याच्या मुद्द्यात काय खरं होतं ते कबूल करायचं आणि तरीही आपण इथे का उभे आहोत ते सांगायचं. पोरं भांडून दमतात आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून सुटतात. इतकं भांडलात कशाला मग?

आमच्याकडे या वर्षी एक नवी शिक्षिका आली आहे. तिनं आज शिक्षक-खोलीत विचारलं, बाई, एका दुपारी सत्तर पेपर कसे हो होतात तुमचे? मी तिला युक्ती सांगितली. पहिला परिच्छेद नीट वाचायचा, शेवटचा नीट वाचायचा. मधलं डोळ्यांखालून घालायचं. शितावरून भाताची परीक्षा. ज्याला आत येता येतं आणि बाहेर पडता येतं तो मध्ये बरंच काही करत असणार. ती म्हणाली, आणि नसला करत तर? मी म्हटलं, पाच वर्षांनी तूच मला हे सांगशील. हसली ती, पण तिच्या गठ्ठ्यातला एक पेपर काढून मधूनच वाचत बसली. नवी विटी, नवं राज्य.

१० ऑगस्ट, रविवार

ललित निबंधाच्या समारोपावर चार पानं. उपदेश नको, प्रतिमेपाशी थांबा. चांगलं जमलं.

लेकीचा परदेशातून फोन आला होता. तिथे थंडी आहे, जेवण बरं आहे. मध्ये खोली बदलल्याचं, झोप लागत नसल्याचं काहीतरी सांगत होती. मी तेव्हा लिहिलेल्या पानांतल्या चुका बघत होते. शेवटी ‘काळजी करू नकोस, ठेवते’ म्हणाली. छान आहे म्हणजे.

११ ऑगस्ट, सोमवार

प्रकाशक म्हणतात, विद्यार्थिनीचा मजकूर छापायचा तर घरच्यांना कळवलेलं बरं, उगाच नंतर किटकिट नको. बरोबर आहे. कॉलेजातून पत्ता घेऊन पेन्सिलच्या आईला पत्र टाकलं. आपल्या मुलीचा समारोप नमुना म्हणून छापत आहोत, आपली संमती असावी, वगैरे. पत्राचा शेवट तीनदा बदलला. अखेर ‘तिची आठवण अशी राहील’ असा केला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पेन्सिलची आई आज कॉलेजात आली. मला वाटलं, सही करून देईल आणि जाईल.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, फाटलेलं रफू करायचं. गुरुवारी सुट्टी. मनगटाला टाचण्या टोचायची गादी तशीच बांधलेली होती, सुट्टी असूनही सवयीनं चढवली असावी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “बाई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. एवढंच सांगा, बाकीचं काय लिहिलं होतं तिनं?”

मी म्हटलं, “सुरुवात आहे माझ्याकडे. देते.”

तिनं सुरुवात वाचली, मग समारोप. बोट ओळीखालून फिरवत. मग म्हणाली, “आणि मधलं?”

मी सांगितलं की चाचणीचे पेपर आम्ही परत देत नाही. निकाल लागला की गठ्ठे बांधून ठेवतात आणि रद्दीवाला घेऊन जातो. गेले असतील.

“पण तुम्ही वाचलंत ना,” ती म्हणाली. “तुम्ही शेवटच्या वाचणाऱ्या. तिनं त्यानंतर काही लिहिलं नाही. डॉक्टर मला विचारत होते, आधी काही त्रास होत होता का, डोकं दुखत होतं का, उलट्या? मी म्हटलं, नाही. एका खोलीत दोघी राहतो आम्ही. मला काही बोलली नाही, मला काही दिसलं नाही. आई असून मला ती माहीतच नव्हती असं वाटतं आता. म्हणून विचारते. तिच्या मनात काय चाललं होतं?”

नाही वाचलं, एवढे दोन शब्द होते. ते काही तोंडातून आले नाहीत.

मी म्हटलं, “तुमच्याबद्दल होतं.”

तिचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही मला. मी पुढे बोलत गेले. सुरुवात माहीत, शेवट माहीत, विषय माहीत. मधलं रचणं माझ्या हातचा मळ आहे. म्हटलं, तिनं लिहिलं होतं की आई मशीनवर बसलेली असते आणि मी मशीनचा आवाज थांबायची वाट बघते. आवाज थांबला की आई माझ्याशी बोलणार. पेन्सिलच्या आईनं मान वर केली. मग म्हणाली, “मशीनचा आवाज. घरात?” मी म्हटलं, हो, घरात.

तिनं संमतीपत्रावर सही केली. जाताना म्हणाली, “पुढच्या गुरुवारी येऊ का? अजून आठवलं तर सांगाल.”

घरी येऊन जेवले. भात थोडा जास्त शिजला होता.

१७ ऑगस्ट, रविवार

एक बाई दुःखात होती, तिला बरं वाटलं. खोटं बोलले असं म्हणता येईल, पण कुणाचं नुकसान नाही. वैद्य नाही का कडू औषध साखरेत घालून देत? हे वाक्य मी निबंधात खोडलं असतं. घासून गुळगुळीत झालेली उपमा आहे.

लेकीचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. यांनीच घेतला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ती आली. मी तयारी करून ठेवली होती, हे इथे लिहिलेलं बरं. काल बसून एक अख्खा परिच्छेद मनात जुळवला होता. दोऱ्याची रिळं खिडकीत लावून ठेवलेली, त्यांच्यावरून ऊन सरकतं, लाल रिळावर ऊन आलं की आईची चहाची वेळ. सांगताना मला स्वतःलाच तो आवडला.

ती ऐकत होती. एकदाच मध्ये म्हणाली, “इतकं बघत होती ती?” मग म्हणाली, “मी बहिणीला फोन करून सांगितलं. मशीनचं. बहीण रडली. मी नाही रडले. मला अजून रडू येत नाही बाई, तुम्हाला येतं का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग बरं,” ती म्हणाली. त्या खोलीत तेवढंच एक खरं बोललं गेलं.

आमचा कारकून दारातल्या टेबलापाशी हजेरीपटावर शिक्के मारत होता. ती गेल्यावर मला म्हणाला, “बाई, त्या गठ्ठ्यांचं म्हणत होतात ना? यंदा रद्दीवाला फिरकलाच नाही. बघू का?”

मी म्हटलं, “असू दे. कशाला धुळीत हात घालता?”

“धुळीतच नोकरी गेली माझी,” तो म्हणाला.

२५ ऑगस्ट, सोमवार

कारकुनानं सकाळी माझ्या टेबलावर पेपर आणून ठेवला. पुसून, सुतळीचे वळ उलट दाबून सरळ केलेला. “तुमचा लाल शेरा बघितला, बाकी उघडला नाही,” म्हणाला. “त्या बाईंना द्या. जीव टांगणीला लागलाय त्यांचा.”

वरच्या कोपऱ्यात माझी सही. ९ जुलै. १७/२०. शेवटच्या परिच्छेदाखाली ‘समारोप उत्तम’.

मी तास संपवले. मग ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर बसून वाचला. मधला परिच्छेद इथे उतरवून ठेवते. पान नंतर माझ्याकडे राहील न राहील.

‘आता मधलं. बाई मधलं वाचत नाहीत असं सगळ्या सांगतात. मागच्या चाचणीत एकीनं इथे किराण्याची यादी लिहिली आणि तिला पंधरा पडले. माझी तिच्याशी पैज आहे. मी म्हणते बाई वाचतात. तर बाई, तुम्ही हे वाचत असाल तर मी जिंकले. मी सध्या डोकं दुखायचं थांबायची वाट बघतेय. आज चौथा दिवस. डाव्या डोळ्याच्या मागे ठणकतं, मान वळवली की जास्त. सकाळी उलटी झाली. नळ सोडून ठेवला म्हणून आईला ऐकू गेलं नाही. आईला सांगणार नाही. तिच्या दुकानात दोघींतल्या एकीला कमी करणार आहेत आणि ही माझ्यापाशी रजा घेऊन बसेल, मी ओळखते तिला. तुम्हाला सांगते कारण तुम्ही तिला भेटणार नाही. आत्ता लिहितानाही ओळी हलताहेत. वाचलंत तर मला वर्गात उभी करा आणि चांगली झापा. मग मी दवाखान्यात जाईन, शप्पथ. नाही वाचलंत तर मी पैज हरले आणि आठवडाभर तिचं दप्तर मी उचलायचं. आता समारोप लिहिते. तो तुमच्या आवडीचा आहे.’

मी तिला वर्गात उभी केली होती.

एवढंच. आज पुस्तिकेचं काही लिहिलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नऊला तपासला. दहाला वर्गात वाचला. बाराला ती कोसळली. नऊ ते बारा. मी हे आज किती वेळा मोजलं कोण जाणे. फळ्यावर तारीख लिहिताना चुकून नऊ जुलै लिहिली, एका मुलानं सांगितलं तेव्हा पुसली.

यांना दाखवला. यांनी चष्मा लावून सगळा वाचला, सुरुवातीपासून. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, “फाडून टाक. तिच्या आईला काय मिळणार हे वाचून? गेलेली परत येते का? आणि तुला... बावीस वर्षांची नोकरी आहे, दोन वर्षं उरलीत.” मी म्हटलं, “तिची आई म्हणते की आपल्याला काही दिसलंच नाही. यात आहे की मुलीनं मुद्दाम लपवलं. नळ सोडून.” हे म्हणाले, “आणि यात हेही आहे की तुला सांगितलं होतं.”

हे काही वाईट माणूस नाहीत. माझ्यासाठीच बोलत होते.

मी पेपर कपाटात धुतलेल्या चादरींखाली ठेवला. मला रडू येईल असं वाटत होतं. नाही आलं. हात मात्र दिवसभर गार होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पेपर पिशवीत घेऊन गेले होते. ठरवलं होतं की आली की हातात द्यायचा. बोलायचं काही नाही.

ती आली तीच हसत. पहिल्यांदाच तिचे दात बघितले मी. म्हणाली, “बाई, एक गंमत सांगते. आमच्या घरात मशीन कधीच नव्हतं. माझं सगळं काम दुकानात. म्हणजे पोरीनं मनानं लिहिलं. तिला वाटत असणार, आई घरीच बसून शिवत असती तर किती बरं. मला कधी बोलली नाही, पण लिहिलं बघा. मग मी मालकाला म्हटलं, मागे एक जुनं मशीन पडलंय ते द्या. दिलं. परवा दोघांनी उचलून जिन्यावरून वर आणलं. खिडकीपाशी ठेवलंय. रिळं पण लावलीत. लाल रिळावर ऊन येतं हो खरंच, चारच्या सुमारास.”

माझा हात पिशवीत होता. तो तसाच राहिला.

“दुकानातनं आले की तासभर चालवते,” ती म्हणाली. “शिवायला काही नसतं. नुसतंच. मग थांबवते. थांबवलं की वाटतं, आता बोलेल.”

मी म्हटलं, “बरं केलंत.” बरं केलंत म्हटलं मी तिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यापेक्षा हे वाईट.

३१ ऑगस्ट, रविवार

लेकीला मीच फोन केला. म्हटलं, मागे तू खोली बदलल्याचं आणि झोपेचं काहीतरी सांगत होतीस. काय होतं ते? ती म्हणाली, “अगं ते होय. झालं ते आता. निस्तरलं मी.” मी म्हटलं, तरी सांग. म्हणाली, “आता नको आई. तेव्हा सांगत होते ना.” रागावून नाही, साधं बोलली. मग तिथल्या हवेबद्दल बोललो. मी सगळं ऐकलं. हवेबद्दलच होतं ते.

१ सप्टेंबर, सोमवार

प्रकाशकांचा निरोप: मजकूर कुठवर आला? मुखपृष्ठ तयार आहे. मी त्यांना सांगितलं, पुस्तिका होणार नाही. ते म्हणाले, अहो बाई, असं घोडं ऐन वेशीत अडवू नका, शेवटचंच प्रकरण राहिलंय ना? मी म्हटलं, हो, शेवटचंच राहिलंय. पुढे काही सांगितलं नाही. ते नाराज झाले. साहजिक आहे.

प्राचार्यांकडे गेले. पेपर दाखवला, सही दाखवली, तारीख दाखवली. त्यांनी आधी समारोप वाचला. मी बघत होते, डोळे आधी तिथेच गेले. मग म्हणाले, “सुंदर लिहायची हो मुलगी.” मी म्हटलं, “सर, मधलं वाचा.” वाचलं. दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, पालकांना काही कळवण्याआधी संस्थेशी बोलावं लागेल, घाई करू नका, पेपर इथेच ठेवा. मी पेपर परत घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून मी कधी काही उचललं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज तिची वाट न बघता मीच तिच्या घरी गेले. सकाळी अकराला. हे घडलं तसं लिहिते.

तिसरा मजला, जिना अरुंद. जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू येत होता. दार उघडंच होतं. एक खोली, एक पलंग, भिंतीला लावून घडी केलेली दुसरी गादी. खिडकीत मशीन, वर रिळं ओळीनं. मशीनखाली कापड नव्हतं. सुई नुसतीच वर-खाली होत होती. मला बघून ती उठली. चहा टाकते म्हणाली. मी म्हटलं, नको, आधी बसा.

पेपर दिला. म्हटलं, “रद्दीत गेला नव्हता. कारकुनाला सापडला, दहा दिवस झाले. मी तुम्हाला आजवर जे सांगितलं ते यात नाही. मशीनचं, रिळांचं, सगळं मी रचलेलं. मी मधलं वाचलंच नव्हतं.”

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. “म्हणजे विसरलात,” ती म्हणाली.

“नाही. वाचलंच नाही. मी कुणाचंच वाचत नाही.”

ती पेपर घेऊन पलंगावर बसली. बोट ओळीखालून जाऊ लागलं. मी उभी होते, बसायचं सुचलं नाही. बोट मधल्या परिच्छेदात आलं तेव्हा फार सावकाश झालं. एका ठिकाणी थांबलं. मान वळवून ती मोरीच्या नळाकडे बघत राहिली. मग परत पेपरात बघितलं. सगळं संपल्यावर ती पहिल्या पानावर आली, वरच्या कोपऱ्यात, आणि तिथे बोट ठेवलं.

“ही तारीख तुमची?”

“हो.”

“नऊला ती घरी होती. संध्याकाळी माझ्या ओढणीची शिवण तिनंच घातली.” मग म्हणाली, “दहाला आली ती सांगत, बाईंनी वर्गात उभं केलं, सगळ्यांसमोर वाचलं. मी म्हटलं, मग तोंड का पाडलंस? म्हणाली, काही नाही, पैज हरले. मी हसले. मी म्हटलं, सतरा मिळाले आणि पैज कसली हरतेस?”

मी म्हटलं, “तुमची काही चूक नाही. तिनं तुमच्यापासून लपवलं होतं. मला सांगितलं होतं. मी...”

तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिचं बोट अजून त्या कोपऱ्यातच होतं.

“बाई, मग हे सतरा कशाचे?”

मी म्हटलं, “पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदाचे.”

ती ओरडेल, मारेल, निदान जा म्हणेल असं वाटलं होतं. मी त्याचीच वाट बघत होते, खरं तर. त्यातलं काही झालं नाही. तिनं उठून मशीनपुढचं स्टूल ओढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि पेपर माझ्या हातात दिला.

“वाचा,” ती म्हणाली. “आता वाचा. मोठ्यानं.”

मी बसले. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली तर म्हणाली, ते नको, मधलं. मी मधलं वाचलं. ‘बाई मधलं वाचत नाहीत असं सगळ्या सांगतात’ हे माझ्या आवाजात वाचलं. किराण्याची यादी वाचली, डाव्या डोळ्याच्या मागचं वाचलं. नळापाशी माझा आवाज गेला. ती थांबली माझ्यासाठी, पण सोडलं नाही. मी पुढे वाचलं. ‘मी म्हणते बाई वाचतात’ हे तिनं मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी वाचलं. तेव्हा तिला रडू फुटलं, आणि मलाही. दोघी आपापल्या जागी बसून रडत होतो.

मग मी नाक पुसलं आणि पान उलटलं. पुढे समारोप होता. मी पहिला शब्द उच्चारला तेवढ्यात तिनं हात पुढे करून पानावर ठेवला.

“ते राहू द्या,” ती म्हणाली. “ते तिनं तुमच्यासाठी लिहिलंय.”